पेन्यांच्या गुंडाळीत गव्हाची ओंबी

सुपातले धान्य निवडावे तसा अमेरिकेत काही घरी सुटे पैसे निवडण्याचा उद्योग चालतो. तिथले सर्वांत लहान नाणे एक सेंटचे. त्याला पेनी म्हणतात. 50 पेन्यांची गुंडाळी बँकेतून अर्ध्या डॉलरला आणायची, एकेक नाणे उलटून पाहायचे, हवे ते ठेवायचे, बाकीचे पुन्हा बँकेत भरायचे. भांडवल बुडत नाही. मजुरी धरली तर मात्र धंदा परवडायचा नाही!

1909 ते 1958 च्या पेन्यांवर मागे गव्हाच्या दोन ओंब्या आहेत. आपल्या वाचकांना त्या चटकन ओळखू येतील. बहुतेकींना किंमत थोडीच जास्त येते. परंतु 1955 च्या काही पेन्यांवर साच्यातल्या दोषाने अक्षरे जोडीने उमटली आहेत. तशी सापडली तर शेकडो डॉलर मिळतात.

1943 साली युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून पेन्या पोलादाच्या पाडल्या. त्या सालच्या मोजक्याच चुकून तांब्याच्या निघाल्या, त्यांना लाखो डॉलर आले. म्हणून लबाड लोक पोलादी पेनीवर तांब्याचा मुलामा देऊन विकतात. लोहचुंबक जवळ न्यावा. चिकटली की सोंग उघडे पडते.

आणखी एक. सापडलेले नाणे चिंच लावून घासू नये. तांब्याचा हंडा लखलखीत शोभतो. नाणे घासले की संग्राहक किंमत पाडतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये चलनासाठी पेनी पाडणे अमेरिकेने थांबवले, कारण एक पाडायला तीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. जुन्या चालतात, नव्यांची भर नाही.