डेटाची कोठारे भरली, पण वाचायचे कुणी?

सध्या आरोग्य क्षेत्रात ‘बिग डेटा’चा मोठा बोलबाला आहे. प्रत्येक तपासणीची नोंद संगणकात साठवली, ती एका जागी आणली आणि त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र चालवले, की आजार, साथी आणि गैरप्रकार आपोआप उघडे पडतील, असे सांगितले जाते. या आश्वासनात किती तथ्य आहे, हे पाहायला परदेशात जाण्याची गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्याने हा प्रयोग पंधरा वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८३९ मुली आढळल्या होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही ही अवस्था होती. मार्च २०१० मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी केंद्रांना दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक, प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ फॉर्म ऑनलाइन भरायचा. दोन, सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडायचे. तपासणीचे चित्रण त्यात साठून राहते. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दाही मांडला गेला. चित्रण कोणत्याही सर्व्हरवर जात नाही, ते यंत्राजवळच राहते, हे लक्षात घेऊन न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये याचिका फेटाळली.

हेतू चांगला होता आणि न्यायालयानेही तो मान्य केला. प्रश्न आहे तो परिणामाचा.

श्रेय कुणाचे?

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८३९ वरून ८६३ वर गेला. त्याच दशकात महाराष्ट्राचा आकडा ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरला. राज्य उतरत असताना कोल्हापूर चढले, ही निश्चितच चांगली गोष्ट. साहजिकच उपकरणाचे कौतुक झाले. पण थोडा हिशेब करू. फेब्रुवारी २०११ मध्ये मोजलेली शून्य ते सहा वर्षांची मुले साधारण २००४ ते २०११ या सात वर्षांत जन्मलेली. उपकरण आले २०१० मध्ये. त्यानंतर तपासणी झालेल्या गर्भवतींची बाळे जन्माला आली ती त्या वर्षाच्या उत्तरार्धात. म्हणजे मोजलेल्या सात वर्षांपैकी जेमतेम काही महिने. जनगणनेतील या वाढीचे मुख्य श्रेय उपकरणाला देता येत नाही, कारण बहुतेक मुली त्याआधीच जन्मल्या होत्या. आकडा खरा, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा.

दुसरी गल्लत दरवर्षीच्या गावनिहाय आकड्यांत होते. समजा एका गावात वर्षाला ५० जन्म होतात. कोणी काहीही गैर केले नाही, तरी केवळ योगायोगाने एखाद्या वर्षी १७ मुली जन्मतील, तर एखाद्या वर्षी ३१. गुणोत्तरात मांडले तर पहिल्या वर्षी ५१५ आणि दुसऱ्या वर्षी १,६३२! पहिल्या वर्षी नोटीस निघते, दुसऱ्या वर्षी सत्कार होतो. प्रत्यक्षात गावात काहीच बदललेले नसते. पन्नास हजार जन्मांचा जिल्हा धरला तरी केवळ योगायोगाने हा आकडा पंधरा-सतराने वर-खाली होऊ शकतो. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावर आनंदोत्सव करू नये आणि शोकही करू नये. चार-पाच वर्षांचा एकत्रित कल पाहावा.

जे यंत्राला दिसत नाही

सायलेंट ऑब्झर्व्हर पडद्यावरचे चित्र साठवतो. लिंग सांगण्यासाठी पडदा लागत नाही. एखादा शब्द, एखादी खूण किंवा नंतर केलेला एक फोन पुरतो. शिवाय नोंदणीच नसलेल्या, पिशवीत मावणाऱ्या यंत्राला असे उपकरण कोण जोडणार? जो कायदा पाळतो त्याची नोंद तपशीलवार होते आणि जो पाळत नाही तो नोंदीबाहेरच राहतो. कोठार कितीही मोठे असले तरी त्यात मुळात न आलेली गोष्ट सापडत नाही.

मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. हा प्रकार कोणत्याही संगणकाने पकडला नव्हता. एका विवाहितेचा मृत्यू झाला, त्याच्या तपासातून तो उघड झाला. साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने अनेक केंद्रे उघडकीस आणली, तीही धाडसी गर्भवतींना ग्राहक म्हणून पाठवून. पुरावा माणसांनी मिळवला.

मग साठलेल्या माहितीवर कृत्रिम बुद्धिमत्ता चालवली तर? येथे डॉक्टरांना परिचित असलेले चाचणीचे गणित लागू होते. समजा दहा हजार सोनोग्राफींपैकी ५० बेकायदा आहेत आणि संगणक ९० टक्के अचूक आहे. तो ५० पैकी ४५ पकडेल. पण उरलेल्या ९,९५० निर्दोष तपासण्यांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९५ तपासण्यांवरही तो संशय घेईल. एकूण १,०४० संशयितांत खरे दोषी ४५, म्हणजे शंभरात चार. बाकीच्या ९९५ कुटुंबांची आणि डॉक्टरांची चौकशी कोण करणार, कशाच्या आधारावर? ‘९० टक्के अचूक’ ही जाहिरात ऐकताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

गुगलचेही चुकले

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण गुगलचे आहे. लोक फ्लूविषयी काय शोधतात यावरून साथीचा अंदाज बांधणारी ‘गुगल फ्लू ट्रेंड्स’ ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. आता डॉक्टरांकडून आकडे यायची वाट पाहायला नको, असे वाटू लागले. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तिचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ दुप्पट निघाला. बातम्या पाहून घाबरलेले, पण फ्लू न झालेले लोकही शोध घेत असतात, हे एक संभाव्य कारण. २०१५ मध्ये हे अंदाज देणे थांबले. माहिती अफाट होती, पण ती आजाराची नव्हती, लोकांच्या कुतूहलाची होती.

आपल्याकडे मूळ नोंदीच कच्च्या आहेत. २०२० मध्ये देशातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे कारण लिहिलेले असते. हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. मधुमेहामुळे, विषबाधेमुळे की न्यूमोनियामुळे, हे कळतच नाही. ओपीडीच्या गर्दीत रक्तदाब न मोजताच १२०/८० लिहिला जातो, हेही सर्वांना माहीत आहे. एकाच गर्भवतीची माहिती आरोग्यसेविकेला रजिस्टरमध्येही लिहावी लागते आणि ॲपमध्येही. घाईत भरलेले असे लाखो रकाने एकत्र केले म्हणून त्यांची चूक दुरुस्त होत नाही. धान्यात खडे असतील तर कोठार मोठे केल्याने ते कमी होत नाहीत.

मग काय करावे?

याचा अर्थ नोंदी ठेवू नयेत असा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने रुग्णाचे जुने रिपोर्ट नव्या डॉक्टरपुढे आले, तर पुनःपुन्हा तपासण्या टळतील. हा उपयोग छोटा पण खरा आहे. साठवण आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम मात्र बदलायला हवा.

‘एफ’ फॉर्मचेच पाहा. त्यात आधीच्या मुलांची संख्या, मुलगे किती व मुली किती, गरोदरपणाचे आठवडे हे सारे असते. पण त्या गर्भाचे पुढे काय झाले, हे त्या फॉर्मवर नसते. एका तालुक्यात सहा महिन्यांपुरता एवढाच प्रश्न घ्यावा: आधी दोन मुली असलेल्या ज्या मातांची चौथ्या-पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली, त्यांच्यापैकी किती जणींच्या प्रसूतीची नोंद सापडत नाही? नोंद न सापडणे म्हणजे गुन्हा नव्हे. कुणी बाळंतपणाला माहेरी गेलेली असेल, कुणी ऊसतोड संपवून गावी परतलेली असेल, कुणाचा नैसर्गिक गर्भपात झालेला असेल. हे घरी जाऊन, विश्वासाने विचारणारी आशाताईच सांगू शकते. यासाठी मोठा सर्व्हर नको, एक नेमकी यादी आणि ती वाचायला वेळ असलेला माणूस हवा.

शासनापुढे, नगरपालिकेपुढे किंवा रुग्णालयापुढे नवी ‘डेटा’ योजना येईल तेव्हा नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. यातून नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार? माहिती कोण भरणार आणि ती बरोबर आहे हे कोण तपासणार? उत्तर मिळाल्यावर कारवाई कोण करणार? आणि उपयोग झाला नाही, तर ते कळणार कसे? ज्या योजनेकडे या चारही प्रश्नांची उत्तरे नाहीत, ती आरोग्यावर खर्च होण्याऐवजी साठवणुकीवरच खर्च होईल. मुलगी वाचते ती कुणीतरी नोंद वाचून वेळेत तिच्या आईच्या दारात उभे राहिले तर.