पायाने चाखते, मिशीने हुंगते!

बालमित्रांनो, बांधावर आणि रानात शेकडो झाडं असतात. मग लिंबाचं फुलपाखरू नेमकं लिंबावरच अंडी का घालतं? आंबा कुठे पिकतोय हे फळमाशीला कोण सांगतं? त्यांना ना पाटी वाचता येते, ना कुणाला पत्ता विचारता येतो!

पत्ता सांगतो तो वास. किडीला आपल्यासारखं नाक नसतं. डोक्यावरच्या दोन मिशा, म्हणजे शृंगिका, हेच तिचं नाक. प्रत्येक झाडाचा निराळा वास वाऱ्यावर पसरतो. त्याचा माग काढत कीड झाडाजवळ येते.

जवळ आली की डोळे कामाला लागतात. पांढरी माशी आणि मावा यांना पिवळा रंग फार ओढतो. कोवळी, रसाळ पानं पिवळसर हिरवीच असतात ना! मिरचीवर चुरडा-मुरड्याचा विषाणू पसरवते ती हीच पांढरी माशी. म्हणून शेतकरी पिवळ्या पत्र्याला ग्रीस किंवा एरंडेल फासून शेतात उभा करतात. माशी पान समजून येते आणि चिकटते.

शेवटची परीक्षा चवीची. लिंबाच्या फुलपाखराची मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी टपटप ठोकते. तिच्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात! लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडं. चव पटली तर अंडं, नाहीतर भुर्र! कारण इवलीशी अळी दूर चालत जाऊ शकत नाही. आईचं पान चुकलं तर बाळ उपाशी.

आता आंब्याची गोष्ट. सातपुड्यातल्या आमच्या मोलगीकडे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून वाळवतात आणि आमचूर करतात. त्याला कैरी कच्चीच लागते. पण झाडावर राहिलेला आंबा पिकू लागला की त्याच्या वासाने फळमाशीची मादी येते. सालीला टोचून आत अंडी घालते. वरून आंबा छान, आत वळवळणाऱ्या अळ्या!

पण शेरास सव्वाशेर भेटतोच. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या शास्त्रज्ञाने १९१२ साली लिहून ठेवलं, की सिट्रोनेला तेलाच्या वासाने फळमाश्यांचे नर गोळा होतात. पुढे १९१५ साली त्यांना भुलवणारं द्रव्य त्याने ओळखलं : मिथाईल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच वासावर चालतो. नर सापळ्यात अडकले, की माद्यांना जोडीदार मिळत नाही आणि फळमाश्यांची पुढची पिढी कमी होते.

किडीला चकवताही येतं. सगळं शेत एकाच पिकाचं असलं की तिचं काम सोपं. ज्वारी-मक्यात तूर, उडीद मिसळून पेरले, तर वासात वास मिसळतो आणि उतरावं तिथे भलतंच पान लागतं. आपल्या वाडवडिलांच्या मिश्र पेरणीचा हाही एक फायदा.

पालकांनो, हे जाणून घेण्याची गरज मोठी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. प्रत्येक वेळी औषध टाळता येईलच असं नाही. पण आधी सापळा लावून, कीड किती आहे हे पाहून ठरवलं, तर काही फवारण्या तरी नक्की वाचतात. आणि फवारा चालू असताना मुलांना शेतात नेऊ नका.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. घराजवळच्या लिंबाची किंवा कढीपत्त्याची कोवळी पानं रोज पाहा. मोहरीएवढं पिवळसर अंडं दिसेल. मग पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी, आणि पुढे तीच हिरवीगार होईल. रोजची नोंद वहीत करा, चित्र काढा. आणि फुलपाखरू पानावर उतरलं, की त्याचे पुढचे पाय तेवढे बघायला विसरू नका!