जेटचा नंबर आणि बदललेलं पेट्रोल

जावा २५० च्या कार्ब्युरेटरमधला मेन जेट करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. पितळेचा, मधोमध जेमतेम एक मिलिमीटरचं भोक. ते भोक किती मोठं असावं हे ज्या पेट्रोलवर ठरलं, ते पेट्रोल आता देशातल्या कुठल्याच पंपावर मिळत नाही. त्यातलं शिसं फेब्रुवारी २००० मध्ये गेलं आणि नंतर इथेनॉल आलं. भोक मात्र तेच राहिलं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या ट्युनिंगबद्दल आज जो गोंधळ ऐकू येतो, त्यातला बराचसा इथून सुरू होतो.

झेकोस्लोव्हाकियातली ही गाडी म्हैसूरला बनू लागली ती १९६१ पासून. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कारखान्याचं उद्घाटन महाराजा जयचामराजेंद्र वडियार यांनी केलं. पुढे सत्तरच्या दशकात टाकीवर ‘येझदी’ हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. पण गाड्या संपल्या नाहीत. इंजिन इतकं साधं, की ते संपणं अवघडच होतं: ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, एक सिलिंडर, दोन सायलेन्सर. ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट.

या साधेपणाची किंमत कार्ब्युरेटर मोजतो. इथे पेट्रोल आणि ऑइल एकत्रच टाकीत पडतं, लिटरला तीस-चाळीस मिली. ते मिश्रण हवेबरोबर आधी क्रँककेसमध्ये जातं, बेअरिंगना ऑइल देतं आणि मगच वर जाऊन पेटतं. म्हणजे कार्ब्युरेटरमधून जाणारं पेट्रोल तीन कामं करतं: जळतं, ऑइल वाहून नेतं आणि पिस्टन थंड ठेवतं. म्हणूनच फोर-स्ट्रोक गाडी लीन झाली, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर बहुधा पिकअप देत नाही एवढंच होतं. टू-स्ट्रोक लीन झाली तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. त्याआधी काही क्षण गाडी छान पळते. नवख्याला ते ट्युनिंगचं यश वाटतं, जुना मेकॅनिक मात्र तो आवाज ऐकताच क्लच दाबायला सांगतो.

कार्ब्युरेटरचं तत्त्व इटालियन शास्त्रज्ञ वेंचुरीने १७९७ मध्ये मांडलेलं: नळी अरुंद झाली की वाहणाऱ्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल वर चढतं. पण गाडी एकाच वेगाने चालत नाही, म्हणून थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर कारभारी वेगळा. अगदी थोड्या थ्रॉटलला पायलट जेट आणि एअर स्क्रू. त्यापुढे पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका काप. पाव ते पाऊण या पट्ट्यात, म्हणजे आपण सगळ्यात जास्त जिथे गाडी चालवतो तिथे, सुई. आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. टप्पे एकमेकांत मिसळतात, तरी तक्रार कुठल्या थ्रॉटलला येते हे नीट पाहिलं तर दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. ‘गाडी पेट्रोल खाते’ म्हणून आल्या आल्या मेन जेट बदलणारा मेकॅनिक मला पटत नाही. शहरात चालणारी गाडी मेन जेटवर येतेच किती? पेट्रोल बहुतेक वेळा झिजलेल्या नीडल जेटमधून जातं. सुई वर्षानुवर्षं घासून त्याचं गोल भोक अंडाकृती होतं आणि मधल्या थ्रॉटलला गाडी रिच होते, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातं.

कार्ब्युरेटरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आधी पॉइंट आणि टायमिंग, मग प्लग, मग एअर फिल्टर, आणि मग हवेची गळती. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हा पंपच असतो. ऑइल सील कडक झालं किंवा कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग सुटलं की तिथून आगाऊ हवा आत येते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा आवाज लगेच खाली येत नसेल, तर शंका गळतीची घ्यावी. क्लचकडचं सील गेलं असेल तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं, धूर थांबता थांबत नाही. असल्या गाडीवर जगातला कुठलाही जेट बसवा, ती सुधारणार नाही.

मेन जेट पारखायची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. इंजिन चांगलं तापलेलं, रस्ता सपाट आणि मोकळा, नवा प्लग. पूर्ण थ्रॉटलवर गाडी थोडा वेळ ओढायची आणि त्याच क्षणी क्लच दाबून चावी बंद करायची. बाजूला थांबून प्लग काढायचा आणि भिंग घेऊन चिनी मातीच्या नळीच्या मुळाशी, अगदी आत पाहायचं. तिथे बदामी कडं दिसलं तर ठीक. पांढरंफटक म्हणजे लीन. ओलं काळं म्हणजे रिच. शिसं गेल्यापासून हे रंग फिकट उमटतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, कानही लावावा. पूर्ण थ्रॉटलवरून मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडी उलट जास्त ओढू लागली, तर जेट लहान आहे. इंजिन एक ठोका आड पेटल्यासारखं घरघरत असेल, तर मोठा.

घाट या सगळ्याची परीक्षा घेतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलं की सुमारे १३७० मीटर उंचीवर हवा साधारण १२ टक्के विरळ होते. खाली बरोबर असलेली गाडी वर रिच होते, जड चालते. तिथेच जेट लहान करून खाली कोकणात उतरणं धोक्याचं. आणखी एक गोष्ट: घाट उतरताना गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला, तर इंजिन वेगाने फिरत राहतं आणि ऑइल मात्र जवळजवळ बंद होतं. जुने चालक उतारावर मधूनमधून मूठ पिळतात ती यासाठी.

आता इथेनॉल. देशात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक ठिकाणी तेच मिळू लागलं. त्यात आपल्याकडच्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या जेटवर गाडी सुमारे आठ टक्के लीन चालते. जेटचा नंबर प्रवाहावर असेल तर शंभरच्या जागी १०८ च्या जवळचा हवा. भोकाच्या व्यासावर असेल तर १०४ पुरतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. सुईची क्लिपही एक खाच खाली, म्हणजे सुई वर. भीतीपोटी नुसतं ऑइल वाढवणं हा उपाय नाही. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं आणि गाडी आणखी लीन होते.

पावसाळ्यात उभ्या गाडीचा धोका वेगळा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. कार्ब्युरेटर ओढतो तो तळाचा थर. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करावेत.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी एवढं करावं: कार्ब्युरेटर उघडून मेन जेट, पायलट जेटचे नंबर, सुईची खाच आणि एअर स्क्रूचे फेरे एका वहीत लिहून ठेवावेत, बदल एका वेळी एकच करावा आणि तोही तारखेसह लिहावा. आणि जेटमध्ये तार कुणालाही घालू देऊ नये. तारेने मोठं झालेलं भोक पुन्हा लहान होत नाही, आणि त्यावरचा नंबर कायमचा खोटा ठरतो.