पिकअपचा मागचा आक्सल : दुरुस्त करावा की बदलावा?



हंगाम सुरू झाला की आपल्या पिकअप गाड्यांना विसावा नसतो. बेणे, शेणखत, मळी, खताची पोती, तोडणी मजुरांचे बिऱ्हाड, सगळे त्याच गाडीवर. आणि नेमकी अशाच वेळी पाणंद रस्त्यात 'कडाक्' असा आवाज होतो. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलत नाही. मग मिस्त्री म्हणतो, "आक्सल गेला, वेल्डिंग मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." हे ऐकावे की नाही, याबद्दल चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम आपण कशाला आक्सल म्हणतो ते पाहू. गाडीखाली आडवी जी जाड नळी दिसते आणि जिच्या मध्यावर भोपळ्यासारखा फुगवटा असतो, ते हौसिंग. फुगवट्यात क्राऊन, पिनियन आणि डिफरन्शियल. तेथून दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या दोन पोलादी दांड्या म्हणजे आक्सल शाफ्ट. बैलगाडीचा आस नुसता भार घेतो, चाक त्याच्यावर मोकळे फिरते. पिकअपमध्ये काही गाड्यांना असेच असते : भार हौसिंग घेते, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. याला फुल फ्लोटिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सेमी फ्लोटिंगमध्ये, शाफ्टच चाक फिरवतो आणि चाकावरचा भारही तोच पेलतो. हा फरक आपल्या गाडीपुरता प्रत्येकाने मिस्त्रीला विचारून ठेवावा. कारण पहिल्या प्रकारात शाफ्ट तुटला तर चाक जागेवर राहते. दुसऱ्यात तुटलेल्या तुकड्यासह चाकच बाहेर निघू शकते. अशी गाडी ओढत नेऊ नये, मागची बाजू उचलूनच न्यावी.

येथे एक धोका पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शाफ्ट तुटला की गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी ती धरत नाही. डिफरन्शियलची रचनाच अशी की एक बाजू मोकळी झाली की सगळा जोर तिकडे वाया जातो. म्हणून उतारावर हे झाले तर आधी चाकांना दगडाची ओट लावा, मग बाकीचे बघा.

आता तुटलेला शाफ्ट हातात आला की तो फेकून देऊ नका, त्याचे तोंड नीट पुसून बघा. सगळा भाग चमकदार, खरबरीत आणि ताजा असेल तर तो एका हिसक्यात तुटला. पण एका कडेला गुळगुळीत, काळपट भाग आणि त्यावर लाटांसारख्या बारीक रेघा असतील, तर चीर फार दिवसांची आहे. ती रोज थोडी थोडी आत सरकत होती, शेवटी उरलेला भाग भार सोसेना. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच मोडला आणि मोठी प्राणहानी झाली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की, एका वेळी जो भार पोलाद सहज पेलते, तोच भार लाखो वेळा पडला तर ते मोडते. 'परवापर्यंत एवढाच माल नेत होतो, काही झालं नाही' असे आपण म्हणतो, त्याचे उत्तर यात आहे.

म्हणून शाफ्टला वेल्डिंग नाही. हा शाफ्ट साधे लोखंड नव्हे, उष्णता देऊन कठीण केलेले पोलाद आहे. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा तो कस जातो आणि तो जोडाच्या कडेलाच पुन्हा तुटतो. तो कधी भरल्या रस्त्यात तुटेल हे सांगता येत नाही. शाफ्ट नवाच घ्यावा, डावा-उजवा बघून घ्यावा, कारण पुष्कळ गाड्यांत दोन्हींची लांबी सारखी नसते. सोबत बेअरिंग आणि ऑइल सील नवे टाकावे. तुटक्या तुकड्याची कचकच हौसिंगमध्ये राहिली तर नवे बेअरिंगही खाईल, तेव्हा आतून धुऊन घ्यावे.

हौसिंगचे तसे नाही. झाकणाजवळ तेल पाझरणारी बारीक चीर चांगला कारागीर भरून देतो. पण पाट्याच्या बैठकीजवळ किंवा नळीवर चीर असेल, अगर हौसिंग वाकले असेल, तर ते बदललेलेच बरे. तापवून सरळ केलेले हौसिंग नरम पडते आणि बेअरिंगची बैठक पुन्हा एका रेषेत येईलच असे नाही. वाकले की नाही हे घरी कळते. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा आणि मागच्या चाकाच्या बाहेरून गवंड्याचा ओळंबा सोडा. रिमची वरची कड दोऱ्यापासून जास्त आत दिसली, दोन्ही चाकांना तसेच आढळले आणि टायर आतल्या बाजूने झिजत असतील, तर हौसिंग मधून खाली बसले आहे.

क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते. एकाचे दात गेले म्हणून एकच बदलू नये. जुन्या बाजारातून अख्खा आक्सल आणणार असाल तर दातांचा हिशेब बघा. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ८ दात म्हणजे साधारण ५.१३ चे प्रमाण, ४१ ला ९ म्हणजे ४.५६. दुसरा टाकला तर गाडी रस्त्यावर थोडी जास्त पळेल, पण मळी भरून चढावर रडेल. चाकांमधले अंतर, पाट्यांच्या बैठका आणि ब्रेकचे माप जुळते का तेही बघा.

आणि पाटे वाढवण्याबद्दल. आपल्याकडे सर्रास दोन-दोन पाटे जादा टाकतात. त्याने गाडी बसत नाही हे खरे. पण पाटे वाढले तरी आक्सल तोच, हौसिंग तेच, बेअरिंगही तेच. पूर्वी गाडी बसलेली पाहून माणूस थांबायचा, आता ती खूणच गेली. आमच्याकडे येणाऱ्या मोडक्या आक्सलच्या गाड्यांखाली जादा पाटे हमखास दिसतात. पासिंगच्या पुस्तकात लिहिलेला भार हा आक्सलचा भार आहे, पाट्यांचा नव्हे.

दुसरे कारण फडातले. ओल्या सरीत एक चाक रुतते, ड्रायव्हर रेस देतो, चाक गरगर फिरते आणि एकदम कोरड्या जागी पकडते. त्या क्षणाचा हिसका शाफ्टवर जातो. अशा वेळी थोडा माल उतरवा, चाकाखाली पाचट टाका, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा.

खुणा आधीपासून मिळत असतात. चाकाच्या आतल्या बाजूस तेल आले, तर सील गेले. ते तेल ब्रेकच्या लायनरवर गेले असेल तर लायनर पुसून चालत नाही, बदलावे लागतात. सील वारंवार जात असेल तर हौसिंगवरचा श्वासाचा बारीक नळ चिखलाने बुजलाय का बघा. आतली गरम हवा कोंडून तेल बाहेर ढकलते. रेस दिली की घोंघावते व सोडली की आवाज बदलतो, म्हणजे क्राऊन-पिनियन. गिअर टाकताना खटका बसतो, म्हणजे कुठेतरी ढिलाई. तेल काढताना बोळाच्या चुंबकावर काळा लगदा चिकटणे ठीक, पण कपच्या निघाल्या तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

काम करताना नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये. पुढच्या चाकांना ओट, आणि चेसिसखाली पक्के स्टँड हवेत. विटा फुटतात.

नवे हौसिंग बसवताना यू-बोल्ट नवेच वापरावेत. तेल नव्वद नंबरचे, पण डब्यावर जी.एल.-५ असे लिहिलेले घ्यावे, कारण या दातांना साधे तेल टिकत नाही. पहिले काही दिवस माल कमी भरावा, आणि पहिली भरलेली खेप करून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. पाटे दबून बसले की ते हमखास ढिले पडतात.