पंचगंगेचा श्वास

पंचगंगेत मासे मेल्याची बातमी कोल्हापूरकरांना आता पाठ झाली आहे. ऐन उन्हाळ्यात किंवा वळवाच्या पहिल्या सरीनंतर बंधाऱ्यापाशी मासे तोंडं वर काढून आ वासतात, काठावर जाळी-बुट्ट्या घेऊन झुंबड उडते. ‘विष कुणी घातलं?’ हा प्रश्न ठरलेला.

बहुतेकदा विष लागतच नाही. २० अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. एवढीच शिदोरी. त्यात मळी किंवा नाल्याचं पाणी आलं, की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायूही फस्त करतात.

तो मोजायची युक्ती १८८८ सालची, लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. बाटली काठोकाठ भरायची, मँगनीजचा क्षार आणि आयोडाइडयुक्त अल्कली घालायची. प्राणवायू असला तर तपकिरी साका, नसला तर पांढराफेक. इतकी देखणी कसोटी, पण विंकलरचं नाव कुणाच्या तोंडी नाही!

पाण्यातली घाण मोजायची पद्धत मात्र साहेबाची. १९१२ साली इंग्लंडच्या सांडपाणी आयोगानं ठरवलं, नमुना पाच दिवस ठेवायचा आणि जिवाणूंनी किती प्राणवायू फस्त केला ते पाहायचं. पाचच का? तर म्हणे तिकडच्या नद्या तेवढ्यात समुद्राला मिळतात. आपल्याकडे आता २७ अंशांना तीन दिवस ठेवतात, कारण ऊबदार पाण्यात जिवाणूंची भूक मोठी.

पण पंचगंगेला कुठला आलाय समुद्र? प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी सुमारे ८० किलोमीटर, तिथून कृष्णेबरोबर पार बंगालच्या उपसागरापर्यंत. त्यात पावसाळा सरला की बंधाऱ्यांत बरगे पडतात आणि वाहत्या नदीची ओळीनं तळी होतात. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हा आपला अभिमान, आणि तो रास्तही आहे. त्याच्या पाण्यावर ऊस पिकला. पण उसामागून मळीही आली.

जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५६ फुटांवर गेलं होतं. धोका पातळी ४३ फूट. त्याआधी २०१९ ला ५५ पार. ‘नदी धुऊन निघाली,’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. पण पूर ओसरतो, नाले बारमाही. थोड्या दिवसांत धो धो कोसळून गेलेला पाऊस मे महिन्यात नदीच्या कामी येत नाही. तेव्हा पाणी तापतं, बरग्यांमागे गाळ कुजतो, आणि वळीव तोच ढवळून वर आणतो.

काठावरच्या झुंबडीत कुणाच्या तरी बुट्टीत एखादी मरळ मात्र वळवळत असते. ती हवेतूनही श्वास घेते.