मोकळी कोंबडी आणि पोटाचे दुखणे

मंडळी, गावठी कोंबडी मोकळी हिंडते, म्हणून ती निर्मळ, असे आपण धरून चालतो. पण हिंडते कुठे? उकिरड्यावर, गोठ्यात, मोरीच्या सांडपाण्यात. तिथे उंदरांच्या लेंड्या, पालींची व पाखरांची विष्ठा, माश्या. यांतूनच साल्मोनेला नावाचे जंतू तिच्या पोटात जातात. गंमत अशी, की कोंबडी बहुधा ठणठणीत दिसते. ताप नि जुलाब होतात ते खाणाऱ्याला. तान्ह्या मुलाच्या तर जिवावर बेतते.

पाण्याचे भांडे जमिनीवर असले, की एकीची घाण त्यात पडते आणि सगळ्याजणी तेच पाणी पितात. ते विटांवर ठेवा, रोज घासा. रात्री दाणे उघडे ठेवलेत तर उंदरांना आवतणच!

आता अंडे. नुकते घातलेले अंडे उबदार असते. निवताना आतला भाग आकसतो आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून डालग्यात कोरडा पेंढा घालावा, अंडी रोज उचलावीत, गार पाण्यात बुचकळू नयेत.

रस्सा चांगला रटरटला, की त्यातले जंतू मरतात. पण कोंबडी कापलेल्या विळीवरच कोशिंबिरीचा कांदा चिरला, तर तो काही चुलीवर चढत नाही.