माझ्या कोंबडीचं अप्रेझल!

गुरुवारची रात्र. साडेदहा वाजलेत. ऑफिसचा अख्खा ग्रुप लंडनमधल्या कुठल्यातरी पबमध्ये धमाल करतोय. आणि मी? मी बाथरूममध्ये, टबच्या काठावर बसलेय. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर साडेतीन किलोची कोंबडी आणि हातात हेअर ड्रायर! तेवढ्यात पुण्याहून मैत्रिणीचा फोन. ती नाइट शिफ्टला असते, तिकडे पहाटेचे तीन वाजलेले.

‘काय करतेयस?’

‘ब्लो-ड्राय.’

‘सही! डेट आहे?’

‘नाही गं, कोंबडी आहे.’

दोन सेकंद शांतता. मग, ‘तू इंडियात परत ये बाई.’

ही गोष्ट २०२४च्या ऑक्टोबरमधली. रविवारी शो होता. शोच्या कोंबडीचं नहाण दोन-तीन दिवस आधी उरकायचं असतं, म्हणजे पिसांवरचं नैसर्गिक तेल परत येतं आणि चमक दिसते. तीन टब कोमट पाणी, बेबी शाम्पू, पायांच्या खवल्यांना जुना टूथब्रश. पहिली दोन मिनिटं फडफड. मग ड्रायरची ऊब लागली की बाईसाहेब चक्क डुलक्या काढायला लागतात. ऑर्पिंग्टन कोंबडी असतेच मुळी अशी... शांत, गुबगुबीत, जराशी आळशी. थोडक्यात काय, तर माझ्यासारखी!

गावची आजी, शेजारचे आजोबा

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. लंडनला आले आणि घरांच्या किमती बघून जिथे लंडन संपतं तिथे जाऊन पोहोचले. स्टेशनचं नाव ऑर्पिंग्टन. हे गाव पूर्वी केंट काउंटीत होतं, १९६५पासून लंडनच्या ब्रॉम्ली बरोमध्ये आहे. छोटंसं घर, मोठ्ठं कर्ज आणि मागे चिंचोळी बाग. दोन घरं सोडून एक गोरे आजोबा राहतात. (त्यांना मी नावाने हाक मारते, इथे तशीच पद्धत आहे. मनात मात्र आजोबाच म्हणते.) पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, ‘आपल्या गावाच्या नावाची कोंबडी जगभर फेमस आहे, माहितीये का?’

मला कुठलं माहीत असणार! आजीच्या डालग्याखालच्या गावरान कोंबड्या तेवढ्या मला ठाऊक. पण आजोबांनी त्यांच्या खुराड्यातली कोंबडी माझ्या हातात दिली आणि मी खलास! भाजलेल्या बेसनाचा रंग. हात ठेवला की पिसांत बोटं गायब.

तिची स्टोरीही झकास आहे. विल्यम कुक नावाच्या माणसाने १८८६मध्ये इथे पहिली काळी ऑर्पिंग्टन तयार केली. हे साहेब आधी घोडागाडी हाकायचे. त्यांना साध्या माणसाच्या परसात अंडीही देईल आणि ताटातही चालेल अशी कोंबडी हवी होती. काळीच का? तर तेव्हाच्या लंडनमध्ये कोळशाची काजळी इतकी, की पांढऱ्या कोंबडीची दोन दिवसांत वाट लागायची! त्यांनी मिनोर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक या जातींचा संकर केला. म्हणजे या ‘इंग्लिश’ कोंबडीच्या अंगात स्पॅनिश, चिनी आणि अमेरिकन रक्त! १८८९मध्ये पांढरी आली, १८९४मध्ये माझी लाडकी बफ. तिच्यावरून भांडणंही झाली. लिंकनशायरवाले म्हणायचे, ही तर आमचीच जुनी कोंबडी, कुकने फक्त नाव बदललं!

गंमत म्हणजे पुढे शोवाल्यांनी तिला आणखी पिसारेदार, आणखी गोलमटोल केलं आणि अंडी कमी झाली. कामासाठी घडवलेली कोंबडी ब्युटी क्वीन होऊन बसली.

शंभर मार्कांची परीक्षा

नुसत्या कोंबड्या पाळणं वेगळं आणि ‘स्टँडर्ड’प्रमाणे ब्रीडिंग करणं वेगळं. ब्रिटनमध्ये कोंबड्यांच्या स्टँडर्डचं पहिलं पुस्तक १८६५मध्ये निघालं. आज ‘ब्रिटिश पोल्ट्री स्टँडर्ड्स’ हे इथल्या ब्रीडर्सचं बायबल. प्रत्येक जातीची आदर्श कोंबडी कशी असावी याचं वर्णन, आणि शंभर मार्कांची वाटणी. आपला सेल्फ-अप्रेझल फॉर्मच म्हणा ना! फरक इतकाच, की कोंबडीला ‘लर्निंग अटिट्यूड’चे मार्क मिळत नाहीत.

ऑर्पिंग्टनमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकार. छाती रुंद, अंग खोल, पाठ आखूड, उंची कमी, पाय पिसांत जवळजवळ लपलेले. डोकं छोटं, तुरा छोटा आणि ताठ. बफ असेल तर मानेपासून शेपटीपर्यंत एकच छटा. तीही वरवरची नाही, पिसं बाजूला करून फुंकर मारली तर आत कातडीपर्यंत तोच रंग दिसला पाहिजे. शेपटीत काळं, पंखात पांढरं दिसलं की मार्क गेले. पाय पांढरे हवेत, पिवळे असले तर थेट बाद.

एका पिढीत हे सगळं जमत नाही. फेब्रुवारीत एक कोंबडा आणि तीन-चार कोंबड्यांचं कुटुंब वेगळं ठेवायचं. इथे खरी पत्रिका जुळवायची! तिची छाती अरुंद असेल तर त्याची भक्कम हवी. त्याचा रंग फिका असेल तर तिचा दाट हवा. एकच दोष दोघांत असेल तर ते स्थळ नकोच. माझ्याकडे याची एक्सेल शीट आहे. हसू नका, तीन टॅब आहेत तिला!

मग एकवीस दिवस. इन्क्युबेटरमध्ये ३७.५ डिग्री, नाहीतर एखादी खुडूक कोंबडी. ऑर्पिंग्टन खुडूक व्हायला एका पायावर तयार! आजीला हे सांगितलं तेव्हा तिला गोऱ्यांच्या कोंबड्यांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

बाळू

२०२१च्या एप्रिलमध्ये मी पंधरा अंडी ठेवली, अकरा पिलं निघाली. शेवटचं बाविसाव्या दिवशी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. तो बाळू. लॉकडाऊनमुळे वर्क फ्रॉम होम चालू होतं. बाळू माझ्या लॅपटॉपशेजारी वाढला, मीटिंगमध्ये स्क्रीनवर आला, आमच्या क्लायंटलासुद्धा माहीत झाला. आणि काय अंग भरलं पठ्ठ्याचं! रंग एकदम परफेक्ट. मी शोची स्वप्नं बघायला लागले.

दहा आठवड्यांचा असताना आजोबांनी त्याला उचललं, तुऱ्यावरून अंगठा फिरवला आणि गप्प झाले. तुऱ्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा एक जास्तीचा कोंब होता. याला इथे ‘साइड स्प्रिग’ म्हणतात. शोमध्ये हा दोष म्हणजे सरळ बाद.

‘एवढासा तर आहे,’ मी म्हटलं.

‘एवढासाच असतो. पण पुढच्या पिढीत उतरतो. छान पेट आहे, ठेव. याच्यापासून पिलं मात्र काढू नकोस.’

तो कोंब कापून टाकणारेही असतात म्हणे. पण ती शुद्ध फसवणूक, आणि कात्रीने रक्तातला दोष थोडाच जातो! मी कात्री लावली नाही. पण त्याहून मोठा गाढवपणा केला. २०२२च्या फेब्रुवारीत, आजोबांना न सांगता, बाळूलाच तीन कोंबड्यांसोबत ठेवलं. मनाची समजूत घातली की एवढं चांगलं अंग वाया का घालवायचं. खरं कारण वेगळंच होतं. तो माझा होता.

चौदा पिलं निघाली. दोन महिन्यांत पाच जणांच्या तुऱ्यावर तोच कोंब. उरलेली नऊ वरून स्वच्छ, पण कुणाच्या आत काय दडलंय कुणास ठाऊक! टेस्टर आहे मी. माहीत असलेला बग तसाच रिलीजमध्ये सोडला, तर दोष कुणाचा?

आणि चौदापैकी आठ नर.

रविवारचा रस्सा

ब्रीडिंगच्या गुळगुळीत फोटोंमध्ये ही गोष्ट कधी दिसत नाही. साधारण निम्मी पिलं नर निघणार, आणि नर कुणालाच नको असतात. सप्टेंबर उजाडेपर्यंत आठही जण पहाटे चारला आरवायला लागले. आपापसात रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या. शेजाऱ्यांची चिठ्ठी आली, अगदी नम्र भाषेत... म्हणजे इथल्या हिशेबाने प्रकरण गंभीर! महिनाभर फोनाफोनी केली. दोघांना एका शेतावर घर मिळालं. सहा उरले.

शेवटी आजोबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘अंडी मशीनमध्ये ठेवतानाच नरांचं काय करणार ते ठरवायचं असतं.’ मग शनिवारी सकाळी आले आणि मला शिकवलं, पक्ष्याला कळायच्या आत ते कसं करायचं. पहिला त्यांनी केला. बाकीचे पाच मी.

तुम्ही म्हणाल, सातारची पोरगी, दर रविवारी रस्सा ओरपत मोठी झालेली, तिला एवढं काय? मलाही तसंच वाटायचं. पण माझ्या ताटात कोंबडी नेहमी वाटणासकट यायची, नावासकट नाही. त्या रविवारी मी रस्सा केला. रडायचं ते कांदा चिरतानाच रडून घेतलं. जेवून झाल्यावर आजीला फोन लावला.

आजी म्हणाली, ‘अगं, कोंबडी पाळायची म्हंजी जीवबी लावायचा आन् हिशेबबी ठेवायचा. तू नुस्ता जीव लावलास.’

त्याच नोव्हेंबरमध्ये बर्ड फ्लूमुळे इंग्लंडभर आदेश निघाला. २०२३च्या एप्रिलपर्यंत सगळे पाळीव पक्षी बंदिस्त ठेवायचे. ताडपत्रीखाली, चिखलात, सहा तलंगा आणि बाळू. त्या हिवाळ्यात वाटलं, हिशेब आधी केला असता तर बरं झालं असतं.

आता मी करते. वर्षाला फक्त बारा अंडी. नरांचं काय करायचं ते आधी ठरवून, एक्सेलच्या चौथ्या टॅबमध्ये लिहून. (हो, आता चार झालेत.) बाळूच्या मुली चांगल्या लोकांकडे फक्त अंड्यांसाठी दिल्या, दोष आधी सांगून. आजोबांनी त्यांच्याकडची दोन तलंगा आणि एक कोंबडा दिला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि तो रविवारचा शो? नऊ जणींत आमचा तिसरा नंबर! जजनी पिसं उचलली, फुंकर मारली, मान हलवली. रंगाला फुल्ल मार्क, पाठ जरा लांब. म्हणजे पुढच्या वर्षी आखूड पाठीचा नवरा शोधायचा!

संध्याकाळी घरी आले तर बाळू दोन म्हाताऱ्या कोंबड्यांबरोबर बागेच्या कोपऱ्यात उभा, तुऱ्यावरचा तो ज्वारीचा दाणा मिरवत. त्याचं अप्रेझल मी करत नाही. तो परमनंट आहे.

तुम्हीही इंग्लंडात राहता? मग हे लक्षात ठेवा...

- कागदपत्रं बघा : काही घरांच्या कागदपत्रांतच कोंबड्या पाळायला बंदी असते. आधी वाचा, मग खुराडं घ्या.
- नोंदणी करा : ऑक्टोबर २०२४पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी असली तरी सरकारी नोंदणी सक्तीची आहे.
- उरलंसुरलं घालू नका : आई व्हिडिओ कॉलवर म्हणेल, ‘शिळी पोळी घाल की!’ इथे स्वयंपाकघरातलं खरकटं कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे.
- सावली द्या : उन्हाने बफ रंग विटतो. चिखलाने पिसांची आणि पायांची वाट लागते.
- रात्री टॉर्च मारा : लाल गोचिडासारखे बारीक माइट्स दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात.
- मागची पिसं कापा : पिसारा फार दाट असेल तर अंडी फळत नाहीत. जोडी लावण्याआधी शेपटीखालची पिसं थोडी छाटा.
- नरांचं आधी ठरवा : ते ठरत नसेल, तर अंडी मशीनमध्ये ठेवू नका. ऑम्लेट करा!